औद्योगिक प्रशिक्षण आणि शिकाऊ उमेदवारी : शिकलेल्या वर्षांची जमा

(तालुका पातळीवरील एका मार्गदर्शन शिबिरात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



आजच्या शिबिरात माझ्याकडे सोपविण्यात आलेला विषय दिसावयास लहान आहे. परंतु ज्यांच्या घरातील मुलगा अथवा मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकत आहे, त्यांच्या दृष्टीने तो मोठ्या मोलाचा आहे. संस्थेत दोन वर्षे काढून, परीक्षा उत्तीर्ण होऊन जो तरुण कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जातो, त्याची ती दोन वर्षे उमेदवारीच्या मुदतीत धरली जातात की नाही, धरली जात असल्यास कोणत्या नियमाने, आणि ती धरली जाण्यात अडथळा कोठे येतो, एवढाच हा विषय.

कचेरीच्या कागदपत्रांत यास ‘कालावधीतील सूट’ असे म्हणतात. मला हा शब्द फारसा रुचत नाही. सूट ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट असते. शेतसाऱ्यात सूट मिळते, दंडात सूट मिळते. येथे ज्या वर्षांविषयी आपण बोलत आहोत, ती त्या मुलाने हाती कानस धरून, कार्यशाळेत उभे राहून काढलेली असतात. ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत एक बाजू जमेची आणि एक खर्चाची असते, हे येथील सदस्यांना मी सांगावयास नको. ती वर्षे जमेच्या बाजूस मांडली जातात, इतकेच. यास्तव या भाषणात मी ‘जमा’ हाच शब्द वापरणार आहे. अर्ज भरताना मात्र आपण छापील ‘सूट’च शोधावी, अन्यथा रकाना सापडणार नाही!

गावगाड्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरावयास शिके, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता घण उचलू लागे. शाळा आणि उमेदवारी एकाच छपराखाली होत्या आणि मुदत ठरविणारा बापच असे. कारखाने व रेल्वेच्या कार्यशाळा आल्या तेव्हा हे छप्पर दुभंगले. १८५० साली उमेदवारीविषयी पहिला कायदा झाला. पण त्याचा रोख अनाथ व गरीब मुलांना एखाद्या धंद्याशी करारबद्ध करून पोटापाण्याला लावण्याकडे होता. दहा ते अठरा वर्षांची मुले त्याखाली बांधली जात आणि कराराची मुदत सात वर्षांपर्यंत असू शके. आधी कोठे शिकून आलेला उमेदवार त्या कायद्याच्या नजरेसमोर नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९५० साली केंद्र शासनाने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना हाती घेतली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघू लागल्या. १९५६ साली अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्रे यांचे प्रमाण ठरविण्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि त्याच वर्षी संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ साली, शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. १ मार्च १९६२ पासून तो अमलात आला आणि १८५० चा जुना कायदा रद्द झाला. आज आपल्या राज्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचीच संख्या चारशेहून अधिक आहे. जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी त्यांची पाटी दिसते. तेव्हा हा कायदा मुंबई-पुण्याच्या कारखानदारांपुरता आहे, असे कोणी समजू नये.

या अधिनियमाचे सहावे कलम आपल्या विषयाचे मर्म आहे. राष्ट्रीय परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन जो तिची परीक्षा उत्तीर्ण झाला आहे, त्याच्या उमेदवारीची मुदत वेगळी ठरवावी आणि ज्याने असे प्रशिक्षण घेतलेले नाही त्याची वेगळी, असे हे कलम सांगते. पुढील दुरुस्तीने राज्य परिषदा, मंडळे व केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे निर्दिष्ट केलेले अन्य अभ्यासक्रम यांनाही त्यात स्थान मिळाले. नवव्या कलमात याचाच दुसरा भाग आहे. जो संस्थेत शिकलेला नाही त्यास प्रत्यक्ष कामाच्या जागी पाठविण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते. जो शिकून आला आहे तो थेट कामावर रुजू होतो. आपल्याकडील ‘मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र’ या लांबलचक नावाच्या केंद्राचा उगम या कलमात आहे.

उदाहरण फिटरचे घेऊ, कारण तो आपल्या संस्थांतील अत्यंत परिचित व्यवसाय आहे. दीर्घकाळ असा नियम होता की फिटरची उमेदवारी एकूण तीन वर्षांची. संस्थेतून उत्तीर्ण होऊन आलेल्याची दोन वर्षे त्यातून वजा, म्हणजे राहिले एक वर्ष. टर्नर व मशिनिस्ट यांचाही हिशेब असाच होता. त्यानंतर व्यवसायांचे तक्ते व मुदती वेळोवेळी बदलल्या. तथापि, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या फिटरला आजही साधारणतः एक वर्षच उमेदवारी करावी लागते.

आता कोणी विचारील, दोन वर्षे जमा होतात तर तिसरे का होत नाही? हा प्रश्न रास्त आहे. मला तर वाटते की या साऱ्या व्यवस्थेचा विवेक त्याच्या उत्तरात आहे. त्यासाठी संस्थेत काय शिकविले जाते आणि कारखान्यात काय शिकावे लागते, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे.

संस्थेतील मुलगा पहिले काही आठवडे बेंच व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस चालवितो. पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे गुण्याने पाहतो, पुन्हा घासतो. हाताला घट्टे पडतात. मग आखणी, हॅकसॉने कापणे, ड्रिलने छिद्र पाडणे, त्यात आटे काढणे. एकात एक बसणारे दोन भाग असे घडवावयाचे की उजेडासमोर धरले असता सांधीतून किरण दिसू नये. व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग व मायक्रोमीटरवर शंभरावा भाग वाचावयास तो येथेच शिकतो. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात फिटरच्या पहिल्या वर्षाचे १२०० तास धरले आहेत आणि त्यांपैकी ८४० तास निव्वळ प्रात्यक्षिकाचे आहेत. घाई नसते, चूक झाली तर तुकडा भंगारात जातो, शिल्प निदेशक रागावतात आणि दुसरा तुकडा देतात. चुकण्याची ही मुभा संस्थेचे मोठे बळ आहे. कारखाना ती देऊ शकत नाही, निदान स्वस्तात देऊ शकत नाही.

कारखान्यात शिकावयाचे ते वेगळे. तेथे यंत्र चालू असता आवाज बदलला, तो बेअरिंगचा की सैल झालेल्या पट्ट्याचा, हे ओळखावे लागते. रात्रपाळीत यंत्र बंद पडले की सकाळच्या पाळीपर्यंत ते सुरू करावयाचे असते आणि सुपरवायझर मागे उभा असतो. एकाने यंत्र उघडले असता दुसऱ्याने त्याचा वीजपुरवठा चालू करू नये म्हणून खटक्याला कुलूप व पाटी लावण्याची शिस्त अंगी बाणावी लागते. जुन्या कामगाराशी कसे बोलावे, कोणते काम विचारून करावे आणि कोणते न विचारता, हेही एक शिक्षणच आहे. यांपैकी बरेचसे कोणत्याही पुस्तकात नाही आणि संस्थेच्या कार्यशाळेत ते हुबेहूब उभे करता येत नाही. म्हणून दोन वर्षे जमा आणि एक वर्ष बाकी हा हिशेब मला न्याय्य वाटतो. सगळेच जमा केले असते तर उमेदवारीला अर्थ उरला नसता. काहीच जमा केले नसते तर संस्थेला.

कायदा असा स्वच्छ असता अडचण कोठे येते? ती येते कागदाच्या वाटेवर. कामानिमित्त फिरताना मला एक मुलगा भेटला होता. तो वायरमनचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला होता; परंतु हाती प्रमाणपत्र येण्यापूर्वीच गावातल्या कोणाच्या तरी ओळखीने एका कारखान्यात गेला आणि तेथे त्याची नोंद ‘दहावी उत्तीर्ण, नवोदित’ अशी झाली. नोंदणीपत्रात दहावीचे गुणपत्रक जोडलेले, संस्थेचे काहीच नाही. काही महिन्यांनी प्रमाणपत्र आले तेव्हा त्याच्याबरोबर संस्थेतून निघालेला सोबती वर्ष संपवून परीक्षेच्या तयारीला लागत होता आणि हा मात्र ज्याला यापूर्वी कधी पक्कड धरावयाची गरज पडली नाही अशा मुलांबरोबर मूलभूत प्रशिक्षणाच्या बाकावर बसला होता. कोणी त्याला मुद्दाम फसविले होते, असे मला दिसले नाही. सांगणारे कोणी नव्हते, इतकेच.

येथे केवळ वेळेचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. उमेदवाराला मिळणारे विद्यावेतन त्याच्या अर्हतेवर अवलंबून असते. २०१९ च्या सुधारित नियमांत दहावी उत्तीर्णासाठी दरमहा किमान ६००० रुपये, तर राष्ट्रीय अथवा राज्य प्रमाणपत्रधारकासाठी किमान ७००० रुपये ठेवण्यात आले. दर पुढे बदलू शकतात, ते त्या त्या वेळी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर पाहून घ्यावेत. पण भेद लक्षात यावा. घराबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला महिन्याचे हजार रुपये म्हणजे खानावळीच्या बिलाचा मोठा हिस्सा.

यास्तव तीन गोष्टी पाहिल्याविना करारपत्रावर सही करू देऊ नये. पहिली, अभ्यासक्रमाची मान्यता. संस्थेच्या दारावरील पाटी कितीही मोठी असो, त्या विशिष्ट व्यवसायाच्या तुकडीस मान्यता आहे काय, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. कलम ६ ची सारी मदार तेथे आहे. दुसरी, व्यवसायाचे नाव. २०१४ च्या दुरुस्तीनंतर व्यवसायांचे दोन प्रकार झाले आहेत : शासनाने निर्देशित केलेले आणि आस्थापनेने स्वतः आखलेले पर्यायी. पर्यायी व्यवसायाची मुदत सहा महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्याचा अभ्यासक्रम आस्थापना ठरविते. त्यात वावगे काही नाही. नव्या यंत्रांवरील अनेक कामे निर्देशित यादीत मावत नाहीत. परंतु फिटर झालेला मुलगा भलत्याच नावाच्या व्यवसायात नोंदला गेला तर त्याच्या दोन वर्षांचा त्या व्यवसायाशी संबंध जुळेलच असे नाही. तिसरी गोष्ट करारपत्राच्या नोंदणीची. नोंद न झालेली उमेदवारी अपुरीच राहते. तिच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा नाही की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र नाही. ‘मुलाला कंपनीत ट्रेनिंगला घेतले आहे’ असे पालक अभिमानाने सांगतात, तेव्हा ‘करार नोंदला का?’ एवढे शिक्षकांनी जरूर विचारावे.

कारखानदाराची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. शिकलेला उमेदवार त्याला मूलभूत प्रशिक्षणाच्या खर्चातून मोकळे करतो, हा लाभ. उलटपक्षी तो एकच वर्ष राहतो आणि त्याचे विद्यावेतन अधिक. ज्याला उमेदवाराकडून शिकविण्यापेक्षा काम काढून घेणे अभिप्रेत आहे, त्याला तीन वर्षे राहणारा नवोदित अधिक सोयीचा वाटतो, हे उघड बोलले जात नसले तरी खरे आहे.

हा पेच आपल्यापुरता नाही. कारागिरांच्या शिक्षणात जर्मनीचे नाव सर्वत्र घेतले जाते. तेथे उमेदवारी आणि शाळा बरोबरीने चालतात, आणि ज्या मुलांना कारखान्यात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी पूर्ण वेळ व्यावसायिक शाळेचे एक पायाभूत वर्षही काढण्यात आले. ते वर्ष उमेदवारीच्या मुदतीत धरावे, असा नियम होता. परिणाम काय झाला? असा मुलगा घेतला की तो एकदम दुसऱ्या वर्षाचा उमेदवार ठरे, आणि दुसऱ्या वर्षाचे वेतन पहिल्यापेक्षा अधिक असे. त्यामुळे अनेक मालक त्याला घेण्यास नाखूश असत. अखेर २००५ च्या नव्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक शासनांकडे गेला आणि पुढे अशा जमेसाठी उमेदवार व मालक या दोघांचा एकत्र अर्ज आवश्यक ठरला. म्हणजे सक्तीची जागा संमतीने घेतली. जर्मनांनी योग्य केले की अयोग्य, यावर तेथील जाणकारांतही दुमत आहे. मला यातून दिसते ते एवढेच की, जमेचा भार एकट्या मालकाच्या खाती टाकला तर तो दार लोटून घेतो. आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासनाने उचलला, तो या दृष्टीने योग्य दिशेचा उपाय होय. २०१९ पासून तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के या प्रमाणात उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगार असणाऱ्यांना ते ऐच्छिक आहे. तालुक्याच्या ठिकाणची वर्कशॉपे, जिनिंग कारखाने, दूध शीतकरण केंद्रे यांपैकी पुष्कळशी या दुसऱ्या गटात मोडतात. आपण घेऊ शकतो, याची त्यांतील अनेकांना कल्पनाही नसते.

आता नोकरीचा प्रश्न. तो कोणी विचारला नाही तरी साऱ्यांच्या मनात असतो. अठराव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे; आणि बाविसाव्या कलमाने मालकावर नोकरी देण्याचे सरसकट बंधन घातलेले नाही. प्रत्येक मालकाने आपल्याकडे शिकलेल्यांना घेण्याविषयी स्वतःचे धोरण ठरवावे, एवढे २०१४ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. जानेवारी १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, इतर बाबी समान असता प्रशिक्षित उमेदवारास थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा पसंती द्यावी. हे बोल महत्त्वाचे आहेत. पण पसंती म्हणजे हक्क नव्हे. २० मार्च २०१८ रोजी सकाळी माटुंगा-दादर परिसरात रेल्वेत उमेदवारी केलेल्या तरुणांनी रुळांवर बसून मुंबईची लोकल अडवली, ते आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. रेल्वेने त्यांच्यासाठी पहिल्या स्तरावरील भरतीत वीस टक्के जागा राखल्या होत्या. त्यांची मागणी त्याहून अधिक होती. लाखो प्रवाशांचे हाल करणारा तो मार्ग मला समर्थनीय वाटत नाही. परंतु संस्थेतील दोन वर्षे, उमेदवारीचे एक वर्ष, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि त्यानंतर पुन्हा नवख्या अर्जदाराच्या रांगेत उभे राहावयाचे, यात त्या तरुणांना काय टोचत होते हे समजणे अवघड नाही. शाळेची जमा उमेदवारीत धरली गेली. उमेदवारीची जमा नोकरीत कोठे धरावयाची, हे पान अद्याप बरेचसे कोरे आहे.

महावितरण आणि राज्य परिवहन महामंडळ यांचा उल्लेख येथे करावयास हवा. कारण ग्रामीण भागातील मुलाला घरापासून फार दूर न जाता उमेदवारी करता येईल अशा जागा बहुधा त्यांच्याकडेच असतात. वीज उपकेंद्र आणि एस. टी. चे आगार ही आपल्या तालुक्यातील पाठशाळाच समजावीत. इलेक्ट्रिशियन, वायरमन व मोटार मेकॅनिक यांना तेथे वाव असतो. मुलींच्या बाबतीत तर अंतराचा मुद्दा निर्णायक ठरतो. आपल्या राज्यात संस्थांच्या प्रवेशात मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. पण संस्थेतून बाहेर पडल्यावर उमेदवारीसाठी शंभर मैलांवरील औद्योगिक वसाहतीत जाण्यास घरची संमती मिळत नाही आणि जमा झालेली दोन वर्षे तशीच पडून राहतात.

जमेचे आणखीही मार्ग निघाले आहेत, त्यांचा धावता परामर्श घेतो. १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यांना अधिनियमाच्या कक्षेत आणले. त्यांची उमेदवारी एक वर्षाची. दहावीनंतर संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो, ही वाट अनेक शिक्षकांना ठाऊक आहे. आणि २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात तीस तासांना एक, असे परिमाण धरून शालेय, उच्च व व्यावसायिक शिक्षण यांचे मोजमाप एकाच मापाने करण्याचे योजिले आहे. उमेदवारीचे तासही त्यात येतात. शाळेची वर्षे उमेदवारीत आणि उमेदवारीची वर्षे पदवीत, अशी देवघेव दोन्ही बाजूंनी व्हावी हा त्यामागील हेतू आहे.

हेतू स्तुत्य आहे. तरी एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. तास मोजणे सोपे, हात मोजणे कठीण. ज्या संस्थेत वीस मुलांमागे चालू स्थितीतील लेथ दोनच आहेत, तेथील मुलाचे तास वहीत पुरे भरतात. पण त्याच्या वाट्यास यंत्र किती वेळ आले? असा मुलगा वर्षांची पूर्ण जमा घेऊन कारखान्यात जातो आणि पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. मग तो फोरमन पुढच्या वर्षी त्या संस्थेच्या नावावर काट मारतो. जमेच्या मागे माल असावा लागतो, हे दुकानदारही जाणतो. म्हणून संस्थेची व्यवस्थापन समिती, जिच्यात स्थानिक उद्योजकांनाही स्थान असते, तिने किती यंत्रे चालू आहेत, कच्चा माल वेळेवर येतो काय, निदेशकाची पदे भरलेली आहेत काय, याची विचारपूस करणे हे जमेचे रक्षणच आहे. २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत अभ्यासक्रमाचा काही काळ संस्थेत व काही काळ उद्योगात घालविला जातो. जेथे ती मनापासून राबविली गेली तेथे ही उणीव पुष्कळ भरून निघाली. जेथे करार झाले पण मुले झाडलोटीस लावली गेली, तेथे अर्थातच नाही.

राहता राहिले ते ज्यांच्या खाती काहीच जमा होत नाही ते. बाजारपेठेतील गॅरेजमध्ये दहा वर्षे इंजिने खोलणारा तरुण, पंपाची मोटर डोळे मिटून बांधणारा गावातील वाइंडर. त्यांनी शाळा पाहिली नाही, म्हणून कलम ६ त्यांना नवोदितच म्हणते. पूर्वी मिळविलेल्या कौशल्यास परीक्षा घेऊन मान्यता देण्याची योजना आहे आणि तिचा लाभ अनेकांनी घेतला आहे. त्या प्रमाणपत्राचे वजन मात्र अजून सर्व मालकांच्या लेखी सारखे नाही. तरीही अशा कारागिरांची नावे ग्रामसभेतून संस्थेच्या प्राचार्यांकडे पाठविण्यास कोणाची हरकत नसावी.

शिक्षकांकडून माझी अपेक्षा माफक आहे. दहावीचा निकाल लागला की संस्थेच्या प्रवेशाची माहिती आपण देताच. त्याच वेळी व्यवसायाची मान्यता, प्रमाणपत्राचे महत्त्व आणि त्यापुढील उमेदवारीची मुदत ही माहिती पालकांसमक्ष सांगावी. प्रमाणपत्र आता संगणकावरून उतरवून घेता येते. त्यातील नाव, जन्मतारीख व व्यवसाय आधारपत्राशी जुळतात की नाही हे उत्तीर्ण झाल्याच्या महिन्यातच तपासावे. वडिलांच्या नावातील एका वेलांटीपायी नोंदणी अडल्याची उदाहरणे आहेत. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील चारपेक्षा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांची यादी करून ती जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयाकडे द्यावी. एखाद्या सरपंचांनी मनावर घेतले तर हे एका दुपारचे काम आहे.

व्याख्यानापूर्वी एका सदस्यांनी मला एक प्रश्न लिहून दिला आहे, त्याचे उत्तर देऊन थांबतो. त्यांच्या गावातील एका मुलाने इलेक्ट्रिशियनचे पहिले वर्ष पुरे केले आणि वडिलांच्या आजारपणामुळे दुसऱ्या वर्षी संस्था सोडली. त्याला त्या एका वर्षाची जमा मिळेल काय? कलम ६ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आहे. अर्धा अभ्यासक्रम त्यात बसत नाही. श्रेयांक आराखड्यात अपुऱ्या शिक्षणाचे श्रेयांकही साठविण्याची कल्पना आहे. पण उमेदवारीच्या मुदतीतून ते वजा करण्याचा मार्ग आज त्या मुलाच्या हाती नाही. आजच त्याने कारखान्यात अर्ज केला तर तो नवोदित म्हणूनच धरला जाईल आणि मूलभूत प्रशिक्षण त्याला नव्याने घ्यावे लागेल. तेव्हा सदस्यमहाशय, घाईने त्याला कारखान्यात धाडू नये. आधी त्याला घेऊन संस्थेच्या प्राचार्यांना भेटावे, पुनःप्रवेश घेऊन राहिलेली परीक्षा देता येते काय ते विचारावे, आणि वसतिगृह अथवा शुल्काची अडचण असेल तर समाजकल्याण कार्यालयाकडील अर्जाचा नमुना जाताना माझ्याकडून घेऊन जावा. पाच-सहा प्रती मी बरोबर आणल्या आहेत.